देवस्थानचे दप्तर आणि अल्पखर्ची फाईल-सर्व्हर

(महाजन मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवस्थानची मालमत्ता म्हटली की डोळ्यांपुढे उभी राहते ती पालखी, दागिने, कुळागरे आणि शेतजमीन. परंतु या सर्वांवरील हक्क ज्यांच्या आधारे सिद्ध होतो, ते कागद बहुधा एखाद्या जुन्या कपाटात, कापडी बस्त्यात बांधून ठेवलेले असतात. महाजनांची नामावली, जमाखर्चाच्या चोपड्या, सभांची इतिवृत्ते, जमिनींचे दाखले, अलंकारांची यादी हे सारे मिळून देवस्थानचे दप्तर होते. गोमंतकात १९३३ साली जारी झालेल्या पोर्तुगीजकालीन नियमावलीवर देवस्थानांचा कारभार उभा आहे, आणि त्या कारभारात तोंडी शब्दापेक्षा लेखी नोंदीस मान आहे. एखाद्या तरुणास महाजन म्हणून आपले नाव दाखल करावयाचे झाले, तर त्याच्या आजोबा-पणजोबांचे नाव ज्या पानावर आहे ते पान सापडले पाहिजे. पान सापडले नाही तर वाद उत्पन्न होतो, आणि वाद एकदा उत्पन्न झाला की दोन पिढ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवितात.

कागदाचे शत्रू सर्वांच्या परिचयाचे आहेत. वाळवी, कसर, पावसाळ्यातील ओल, समईची काजळी, आणि पान उलटताना बोटास थुंकी लावण्याची आपली सवय! म्हणून अलीकडे अनेक संस्थांनी जुन्या पानांची छायाचित्रे स्कॅनर अथवा मोबाईलच्या साहाय्याने घेऊन ठेवली. हे काम स्तुत्य खरे; परंतु ती छायाचित्रे आज आहेत तरी कोठे, असा प्रश्न केला तर उत्तर सहसा समाधानकारक मिळत नाही. काही कारकुनाच्या संगणकात, काही खजिनदारांच्या खिशातील पेन ड्राइव्हमध्ये, तर काही मागील समितीच्या चिटणिसांच्या मोबाईलमध्ये. दर तीन वर्षांनी समिती बदलते. कपाटाच्या किल्ल्या नव्या समितीच्या हाती येतात, मोबाईल मात्र आपल्या धन्याबरोबर घरी जातो. वाळवी लागलेला कागद निदान दिसतो, त्याची भुकटी खाली पडते. संगणकातील तबकडी काल रात्रीपर्यंत बोलत असते आणि आज सकाळी मुकी होते.

या अडचणीवर अल्प खर्चात होणारा उपाय म्हणजे फाईल-सर्व्हर. प्रस्तुत भाषणाचा विषय तोच आहे.

फाईल-सर्व्हर म्हणजे अद्भुत यंत्र नव्हे. तो एक संगणकच. मात्र त्याचे काम एकच, आणि ते म्हणजे दिलेले जपून ठेवणे व मागितलेले काढून देणे. पूर्वीच्या कचेरीत दप्तरदार असे. कारकून आपापल्या मेजावर लिहीत, पण बस्ता दप्तरदाराच्या खोलीतून यावयाचा आणि संध्याकाळी तेथेच परत जावयाचा. कोणी काय न्यावे, कोणी नुसते पाहावे आणि कोणी त्यात लिहावे, हे त्याच्या खोलीच्या दारात ठरे. सर्व्हर हा असाच अहोरात्र जागा असणारा दप्तरदार आहे. कारकुनाचा संगणक, हिशेबनिसाचा संगणक आणि समितीच्या खोलीतील संगणक हे तारेने त्याच्याशी जोडलेले असतात. मूळ प्रत त्याच्याकडे राहते, इतरांनी ती केवळ मागून घ्यावयाची.

माहिती साठविण्याच्या तबकड्यांचा इतिहास फार जुना नाही. १९५६ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने ‘रॅमॅक’ नावाच्या संगणकाबरोबर पहिला डिस्क-संच बाजारात आणला. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होते, आणि त्यात मावत होती ती पन्नास लक्ष अक्षरे. आज तळहातावर राहील अशा चार टेराबाइटच्या डिस्कमध्ये त्याच्या आठ लक्षपट मजकूर मावतो. देवस्थानच्या हिशेबाने पाहू. साधारण ए-फोर आकाराचे एक पान रंगीत व चांगल्या बारकाव्याने, म्हणजे इंचास तीनशे ठिपके या प्रमाणात स्कॅन केले, तर न दाबलेल्या स्वरूपात ते सुमारे सव्वीस मेगाबाइट जागा घेते. त्या मानाने एका डिस्कमध्ये दीड लाख पाने सुखेनैव राहतील. बहुतेक देवस्थानांचे सारे दप्तर काढले तरी ही जागा भरणार नाही. तात्पर्य, अडचण जागेची नाही, टिकाऊपणाची आहे.

टिकाऊपणाचा विचार करताना १९८८ सालच्या एका निबंधाचे स्मरण होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघा संशोधकांनी असे प्रतिपादन केले की एका महागड्या डिस्कवर विसंबण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र योजाव्यात. त्यांतील एक बिघडेल हे गृहीतच धरावे, आणि बिघडली तरी काम थांबणार नाही अशी रचना करावी. या पद्धतीस त्यांनी ‘रेड’ हे नाव दिले. तिच्यातील अगदी सोपा प्रकार म्हणजे आरसा-पद्धती. एका डिस्कवर जे लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. एक गेली तर दुसरी उभी राहते, आणि कारकुनास त्याचा पत्ताही लागत नाही.

आता प्रत्यक्ष सामग्रीकडे वळू. सर्व्हरसाठी नवा भपकेबाज संगणक घेण्याचे कारण नाही. एखाद्या बँकेने अथवा कचेरीने बदलून टाकलेला, पाच-सात वर्षांचा मेजावरचा संगणक या कामास पुरतो. त्यास पडदा नको, कळफलक फक्त प्रारंभी लागतो. स्मरणशक्ती आठ गिगाबाइट असली म्हणजे भागले. काटकसर करावयाची ती येथे. जेथे काटकसर करू नये अशा जागा तीन आहेत : डिस्क, वीज आणि दुसऱ्या जागी ठेवावयाची प्रत.

डिस्क नव्याच घ्याव्यात, जुन्या वापरलेल्या नकोत. अहोरात्र चालणाऱ्या कामासाठी वेगळ्या बांधणीच्या डिस्क मिळतात, त्या घ्याव्यात. आरशासाठी लागणाऱ्या दोन डिस्क शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या अथवा निदान वेगळ्या खेपेच्या असाव्यात. कारण एकाच घाण्यातून निघालेल्या दोन वस्तूंत दोष असला तर तो दोहींत एकदमच प्रकट होण्याचा संभव असतो. एक डिस्क गेल्यावर नवी बसविली की चार टेराबाइटची पूर्ण नक्कल होण्यास सात-आठ तास सहज लागतात. तेवढा वेळ सारा भार उरलेल्या एकटीवर असतो, हे ध्यानात ठेवावे.

विजेची बाब अशी. असा संगणक रिकामा असताना सुमारे तीस वॅट वीज घेतो असे धरले, तर दिवसास पाऊण युनिटहून थोडी कमी आणि वर्षास सुमारे २६३ युनिट वीज लागेल. हा खर्च देवस्थानास जड नाही. खरा धोका वीज अकस्मात जाण्यात आहे. लिहिणे अर्ध्यावर असताना वीज गेली, तर पान अर्धे जुने व अर्धे नवे राहते. म्हणून यूपीएस हवाच. आणि तो नुसता बॅटरीचा डबा नको. त्यातून एक तार सर्व्हरला जोडता आली पाहिजे, म्हणजे बॅटरी संपत आल्याचा इशारा मिळताच सर्व्हर आपली चोपडी नीट मिटून स्वतः बंद होतो. रात्री दोन वाजता देवळात कोणी जागे नसते, तेव्हा ही तारच कामास येते.

आज्ञावली, म्हणजे ज्यास सॉफ्टवेअर म्हणतात, तीस एक पैसाही पडत नाही. लिनक्सचा आरंभ १९९१ साली झाला. त्यावर उभारलेली डेबियन ही व्यवस्था १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक सांभाळीत आहेत. कारकुनाच्या विंडोज संगणकास सर्व्हरवरील कपाट आपल्याच घरातले वाटावे, हे काम साम्बा नावाची आज्ञावली करते. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे विद्यार्थी असलेल्या अँड्रू ट्रिजेल यांनी तिचा प्रारंभ केला. ज्यांस आज्ञा टंकून काम करणे कठीण वाटते, त्यांच्यासाठी ओपनमीडियाव्हॉल्ट व ट्रूनॅस यांसारख्या तयार व्यवस्था आहेत. त्यांत सारे काम पडद्यावरील चौकटींत खुणा करून होते. बाजारात दोन डिस्क बसणारी तयार पेटीही मिळते. तिला पैसे अधिक पडतात, पण ज्या संस्थेत संगणक उघडून पाहणारा कोणी नाही तेथे ती घेण्यात कमीपणा नाही.

सर्व्हर मांडून झाला, दोन डिस्कचा आरसा उभा राहिला, की मंडळी हातपाय धुऊन निश्चिंत होतात. वस्तुतः चिंतेस येथूनच आरंभ व्हावयास हवा. आरसा म्हणजे दुसरी प्रत नव्हे. आरशासमोर उभे राहून कपाळावरचे कुंकू पुसले तर आरशातलेही पुसले जाते. कारकुनाने चुकून १९६० ची चोपडी पुसली, तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. वीज कोसळली तर दोन्ही जळतात, चोर आला तर पेटीच नेतो, आणि छपरातून पाणी गळले तर ते एकीवर गळून दुसरीस वगळीत नाही.

या बाबतीत आपल्या गोव्याच्या इतिहासातच एक धडा आहे. गोव्यातील राज्यकारभाराची कागदपत्रे सांभाळण्यासाठी १५९५ साली येथे दप्तरखाना स्थापन झाला आणि दियोगु दु कोउतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक नेमला गेला. आजचे गोव्याचे पुराभिलेखागार आपली परंपरा तेथपासून सांगते. त्या काळी लिस्बन आणि गोवा यांच्यामधील प्रवास सहा-सहा महिन्यांचा. वाटेत वादळे, खडक, शत्रू. म्हणून महत्त्वाचे पत्र एकाच जहाजातून पाठवीत नसत. त्याच्या दोन, तीन प्रती करून त्या निरनिराळ्या जहाजांतून धाडीत, आणि प्रत्येकीवर पहिली ‘व्हिया’, दुसरी ‘व्हिया’ अशी नोंद करीत. व्हिया म्हणजे वाट. एका वाटेने गेलेले बुडाले तर दुसऱ्या वाटेचे पोहोचेल, हा हेतू. आजही पोर्तुगीज भाषेत दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीस ‘सेगुंदा व्हिया’च म्हणतात. त्या दर्यावर्दी लोकांनी तीन प्रती एकाच जहाजाच्या तीन कोठारांत ठेवल्या असत्या, तर शहाणपणात काय भर पडली असती? एका पेटीतील दोन डिस्क म्हणजे एकाच जहाजाची दोन कोठारे होत.

संगणकविद्येतील जाणत्यांनीही हाच नियम आपल्या भाषेत बांधला आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेले ‘तीन-दोन-एक’ हे सूत्र असे : प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक अन्य स्थळी असावी. देवस्थानास ते असे लागू करता येईल. पहिली प्रत सर्व्हरवर. दुसरी प्रत बाहेरून जोडण्याच्या डिस्कवर. ती आठवड्यास एकदा जोडावी, नक्कल होताच काढून दुसऱ्या खोलीतील कपाटात ठेवावी. तिसरी तशाच आणखी एका डिस्कवर. ती महिन्यास एकदा भरून बँकेच्या लॉकरमध्ये किंवा दुसऱ्या गावच्या जबाबदार महाजनाच्या घरी असावी. तिच्यातील मजकूर सांकेतिक कुलूप लावून ठेवावा, म्हणजे ती वाटेत हरवली तरी खासगी माहिती उघड होणार नाही. साधनाचा दुसरा प्रकारही हवा असेल तर नामावलीसारखी निवडक पाने दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑप्टिकल चकतीवर उतरवावीत. इंटरनेटवरील भाड्याची जागाही चौथी प्रत म्हणून चालेल. मात्र तिचे खाते संस्थेच्या नावे असावे, कोणा एकाच्या नावे नव्हे.

डिस्क काढून ठेवावयाची ती मुद्दाम. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नामक उपद्रवी आज्ञावलीने जगभरातील लक्षावधी संगणकांतील फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली. फाईल-वाटपाच्या एका जुन्या पद्धतीतील दोषातून ती एका संगणकातून दुसऱ्यात शिरत असे. त्या दोषावरील औषध मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच उपलब्ध केले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते ते सापडले. जी डिस्क तारेपासून तोडून कपाटात ठेवलेली आहे, तिला असला चोर शिवू शकत नाही. शिवाय सर्व्हरवर जुनी पद्धती बंद ठेवावी, नवे औषध वेळच्या वेळी द्यावे, आणि बाहेरच्या इंटरनेटसाठी त्याचे दार उघडू नये. स्कॅन केलेल्या जुन्या पानांचा कप्पा सर्वांस केवळ वाचण्यापुरता खुला असावा; लिहिण्याचा अधिकार एकाकडेच असावा.

नक्कल घेतली म्हणजे ती मिळेलच, असेही मानू नये. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने सर्व्हरवरील चित्रपटाचा मोठा भाग पुसला जाऊ लागला. नक्कल आहे म्हणून मंडळी निर्धास्त होती. पाहू गेले तो नक्कल घेण्याची व्यवस्थाच काही काळापासून नीट चालत नव्हती. अखेर तंत्रविभागातील गॅलिन सुसमन या बाईंच्या घरच्या संगणकावर एक प्रत निघाली. घरी तान्हे मूल असल्याने त्या घरून काम करीत, एवढ्याचसाठी ती तेथे होती. ती प्रत जपून कचेरीत आणली गेली आणि काम वाचले. इतक्या श्रीमंत संस्थेस तारले ते महागड्या यंत्राने नव्हे, अन्य स्थळी असलेल्या एका प्रतीने. आणि तीही योगायोगाने. देवस्थानने योगायोगावर विसंबू नये.

आपल्या हवेविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. सर्व्हर जमिनीवर ठेवू नये. पावसाळ्यात पाणी कोठून शिरेल याचा नेम नसतो. धूप, कापूर आणि तेलाचा धूर जेथे पोहोचतो तेथेही नको, कारण काजळी पंख्यात बसते व यंत्र तापते. हवा खेळेल अशा खोलीत, भिंतीपासून वीतभर अंतरावर, फळीवर ठेवावा. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व चतुर्थी आटोपल्यावर, उघडून धूळ झाडावी आणि आत मुंग्यांनी घर केले नाही ना हे पाहावे. विजेचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. कपाटातील डिस्क हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह असाव्यात.

देवळात नित्य आणि नैमित्तिक असा भेद सर्वांस ठाऊक आहे. उत्सवास गर्दी होते, पण देवालय चालते ते नित्यपूजेवर. सर्व्हरचेही तसेच. तो विकत आणून हार घालणे हे नैमित्तिक होय. आठवड्याची नक्कल, महिन्यास डिस्कची आपोआप होणारी तपासणी नीट पार पडली की नाही हे पाहणे, तीन महिन्यांनी नकलेतील कोणतेही एक पान परत काढून उघडून बघणे हे नित्य होय. या प्रत्येक कामाची नोंद एका साध्या कागदी वहीत, तारीख घालून व सही करून व्हावी. ज्या महिन्यात सही नाही, त्या महिन्यात काम झाले नाही असे समजावे. समिती बदलताना ही वही, सर्व्हरचा परवलीचा शब्द लिहिलेला मोहोरबंद लिफाफा आणि डिस्कची यादी, दागिन्यांच्या यादीसारखीच मोजून सुपूर्द करावी व इतिवृत्तात तसे नमूद करावे.

आणखी एक सूचना. १९९० च्या दशकात संगणकावर जे मराठी लिहिले गेले ते पुष्कळदा त्या त्या फाँटपुरतेच होते. तो फाँट नाहीसा झाला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. अशा फाईली वेळीच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. फाईलीस नाव देताना प्रथम साल, मग विषय असा क्रम ठेवावा. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ कागद रद्दीत देऊ नये. मोडीतील, पोर्तुगीजमधील ते मूळ पान हीच वस्तू. सर्व्हरवर आहे ती तिची प्रतिमा.

महाजन बंधुभगिनींनो, या साऱ्याचा खर्च एका उत्सवाच्या मंडपाहून अधिक होण्याचे कारण नाही. डिस्क पाच-सहा वर्षांत बदलावी लागेल, संगणकही केव्हातरी थकेल. त्याचे दुःख नको. ज्या नामावलीत आपल्या पूर्वजांची नावे आहेत, तिची जुनी चोपडी जीर्ण झाली की पूर्वीच्या कारकुनांनी ती नव्या चोपडीत उतरवून काढली, म्हणूनच ती आजवर आली. ते काम आता यंत्राच्या साहाय्याने, पण त्याच निष्ठेने करावयाचे आहे. या मेळाव्यातून परतताना समितीने एवढा एकच ठराव करावा : दुसरी प्रत कोणाच्या घरी राहील, आणि पहिल्या महिन्याची सही कोण करील. बाकीचे सारे बाजारात मिळते.